बोटचेपा राजमा

इस्त्रीवालीला त्या स्वयंपाकाच्या वर्गातून बक्षिसाचा कुकर मिळवायचा होता. पौष्टिक आहार, स्वस्त स्वयंपाक, भाज्यांच्या सालींचे उपयोग हे सगळं तिच्या लेखी तोंडी लावणं. उघडच म्हणायची, "ज्ञान तुम्ही घ्या गं, कुकर मला द्या."

याला लोभ म्हणवत नाही. घरात ती आणि तिचा सासरा. नवरा केव्हाच पसार झालेला. "जाताना कामाचं तेवढं नेलं आणि बाप ठेवला," असं ती हसून सांगायची. बापाच्या तोंडात एकही दात नव्हता. ती दिवसभर लोकांचे शर्ट कडक करायची. कडधान्य मऊ करायला तिच्याकडे ना वेळ, ना तेवढा गॅस. म्हातारा चहात बुडवलेल्या पावावर जगत होता, आणि त्याची बंडी खुंटीला टांगल्यासारखी त्याच्या अंगावर लोंबत होती.

"सूनबाई, कुकर आण. मग दगडसुद्धा खाईन."

"दगड नको, बाबा. शिजवायला गॅस फार लागेल."

वर्ग घेणाऱ्या संस्थेच्या बाई मनाने चांगल्या. घरी दोन सिलिंडर असलेल्या माणसाइतक्या चांगल्या. त्यांनी गॅस वाचवायची युक्ती शिकवली: भिजवलेला राजमा उकळायचा, मग पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवायचं, उरलेलं काम वाफ करते. "पण आधी दहा मिनिटं मोठ्या आचेवर रटरटू द्या. कच्चा राजमा बाधतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. कच्चा कोण खातंय?

शेवटच्या दिवशी स्पर्धा लागली. प्रत्येकीला छोटा सिलिंडर, आधी आणि नंतर वजन. जिचा राजमा शिजेल आणि गॅस सर्वांत कमी जळेल, तिला कुकर. पातेलं जिचं तिनं घरी न्यायचं.

इस्त्रीवालीने विचार केला. राजमा तिने आदल्या दुपारपासून भिजत घातला होता, दाणा टम्म फुगलेला. रटरट हवी ती मऊ होण्यासाठी. मग मऊ करायला गोधडी आहे की. पहिली उकळी आली आणि तिने आच बंद केली.

शेजारची शिवणवाली डोळे वटारून म्हणाली, "अगं, आत्ता तर फुटली उकळी!"

"तू शिलाई मोज, बाई. उकळी माझी आहे."

दुपारी गोधड्या सुटल्या. बाई प्रत्येक पातेल्यातला एक दाणा दोन बोटांत चिमटून पाहत होत्या. इस्त्रीवालीचा दाणा लोण्यासारखा दबला. "वा, बोटचेपा झालाय," बाई म्हणाल्या. सिलिंडर तिचाच सर्वांत जड भरला. टाळ्या पडल्या. एका काखेत कुकर, दुसऱ्या हातात पातेलं, अशी ती घरी गेली.

म्हाताऱ्याने दोन वाडगे खाल्ले. मिटक्या मारत, हिरड्यांनी दाणे चेपत, वाडग्याचा तळ बोटाने पुसत. तिने गिऱ्हाइकाचे कपडे पोचवायचे म्हणून उभ्या उभ्या चार घास घेतले.

दिवेलागणीला दोघांनाही ओकाऱ्या सुरू झाल्या, मग जुलाब. तरण्या शरीराने ते सोसलं. पाव-चहावर पोसलेल्या शरीरात सोसायला काही शिल्लकच नव्हतं. दवाखान्यात सलाइन लावायला शीर सापडेना. उजाडायच्या आत म्हातारा गेला.

बाई भेटायला आल्या. उंबऱ्यातच म्हणाल्या, "मी सांगितलं होतं गं, कच्चा बाधतो."

इस्त्रीवाली भिंतीला टेकून बसली होती. "कच्चा कुठे होता, बाई? तुम्हीच तर चिमटून पाहिलात."

बाईंनी आपल्या बोटांकडे पाहिलं आणि हात पदराखाली घेतला. मऊ म्हणजे शिजलेलं नव्हे, दाण्यातलं विष रटरटल्याशिवाय मरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या बोटांना नव्हतं. आणि ज्यांच्याकडे दाणा टणकच राहतो, त्यांच्यात कच्चं म्हणजे टणक, एवढाच त्या शब्दाचा अर्थ होता.

पुढच्या वर्गापासून स्पर्धा बंद झाली. संस्थेच्या अहवालात गॅसबचत तेवढी राहिली. शिवणवालीने पुरेपूर रटरटवलेला राजमा तीन वेळ खाल्ला, तिच्या घरी कुणाला साधी ढेकर आली नाही. इस्त्रीवालीच्या फळीवर कुकर आहे, अजून खोक्यातच. एकटीसाठी कोण लावतो? वर्ग फुकट होता, कुकरही फुकट. दोन्हींची किंमत भरली ती म्हाताऱ्याने, मिटक्या मारत.