परत देण्याच्या अटीवर

हेन्या यंदा मुद्दामच महाळुंगाच्या बाजारात गेली नाही, आणि सगळं तिथूनच बिनसलं.

मांडवाचा सण जवळ आला की जेरुसलेमच्या त्या जुन्या ज्यू वस्तीत पुरुषांना दुसरं काही सुचत नाही; सणाच्या मंत्राला हातात धरायचं महाळुंग बिनडाग लागतं. दाढ्या कुरवाळत, डोळ्याला भिंग लावून, एकेक महाळुंग उन्हाकडे धरून सालीवरचा बारीकसा डाग शोधत बसतात. तेवढं निरखून स्वतःच्या बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं असतं, तर वस्तीतले निम्मे संसार सुखाचे झाले असते. हेन्याचे वडील अव्रूम-लेब, आदरानं 'रेब' अव्रूम-लेब, या कामात सगळ्यांच्या पुढे. धर्मपीठावर न्यायाधीश म्हणून त्यांची हयात गेली होती, आणि फळाचा निवाडाही ते खटल्यासारखाच करत. दोन बाजू ऐकून घेतल्यासारखं फळ दोन्ही अंगांनी फिरवायचं, मग मान हलवायची. त्यांनी मान हलवली की विकणाऱ्याचा चेहरा उतरायचा.

पण यंदा त्यांना बाजारात न्यायचं कसं? वसंतातल्या वल्हांडण सणापासून त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आधी नावं गेली, मग चेहरे गेले. मग एके दिवशी त्यांनी चांदीचा पेला केराच्या डब्यात टाकला आणि आईची मोत्यांची कुडी न्हाणीघराच्या मोरीत सोडली. मांडवाच्या सणाआधी पंधरा दिवसांवर त्यांचं नवं वर्ष येतं; त्या नव्या वर्षाला हेन्यानं त्यांना लोकरी कोट शिवून घेतला होता. तो त्यांनी शांतपणे बसून कात्रीनं कापला, अगदी शिवणीशिवणीवर, आणि तिला विचारलं, "बाई, हे कापड कुणाचं आहे?" तिनं चिंध्या गाठोड्यात बांधल्या आणि गाठोडं पलंगाखाली सरकवलं.

हे तिनं कुणाला कळू दिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. वडिलांना सिनेगॉगमध्ये पोचवताना ती दोन पावलं मागून चालायची आणि समोरून कोण येतंय ते हळूच सांगायची. "टाटे, सोनार येतोय. टाटे, याच्या मुलाचं गेल्या महिन्यात लग्न झालं." रेब अव्रूम-लेब मान डोलवायचे, आशीर्वाद द्यायचे, आणि लोक म्हणायचे, काय स्मरणशक्ती आहे या वयात. भाऊ दोघे अँटवर्पला. ते दर नव्या वर्षाला मधाची बरणी पाठवायचे आणि त्या बरणीत त्यांचं कर्तव्य काठोकाठ भरायचं. तिला त्याचंही फारसं काही नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, की दहा माणसं प्रार्थनेला उभी राहिली की तिच्या बापाला त्या दहांत धरावं. दहा पुरुष भरल्याशिवाय प्रार्थना सुरू होत नाही, आणि ज्याची बुद्धी गेली त्याला त्या दहांत धरत नाहीत. तो उभा असतो, पण मोजताना बोट त्याच्यावरून पुढं जातं.

म्हणून तिनं सणाच्या आधी शेजारच्या रेब शिमलला जिन्यात गाठलं. "टाट्यांचे पाय फार दुखतात. यंदा बाजार जमला नाही. पहिल्या दिवशी सकाळी, सिनेगॉगला जाण्याआधी, तुमचं महाळुंग घेऊन जरा आमच्याकडे याल?"

"याल काय विचारतेस? माझं भाग्य," रेब शिमल म्हणाला. रेब शिमलचं भाग्य असं कुणाच्याही अडचणीतून उगवायचं. मदत करायला तो कधी नाही म्हणत नसे, आणि केलेली मदत सांगायलाही.

सणाच्या पहिल्या दिवशी उसनं महाळुंग चालत नाही. हातातलं फळ स्वतःच्या मालकीचं लागतं. ज्याच्याकडे नसतं त्याला दुसरा देतो आणि म्हणतो, "ही भेट घ्या, परत देण्याच्या अटीवर." घेणारा तेवढ्यापुरता मालक होतो, मंत्र म्हणतो, फळ आणि सोबतची खजुराची झावळी चारी दिशांना हलवतो, आणि तसंच भेट म्हणून परत करतो. मग मूळ मालक पुन्हा मालक. वस्तीतली सगळी देवघेव खरं तर याच अटीवर चालायची, पण तोंडानं कबूल करण्याचा दिवस वर्षातून हा एकच.

त्या सकाळी सगळं छान झालं. गच्चीतल्या मांडवात रेब अव्रूम-लेबनी ते पिवळंधमक फळ हातात घेतलं आणि हातांना सगळं आठवलं. एक अक्षर चुकलं नाही. रेब शिमलच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी फळ परत दिलं, "भेट म्हणून परत" हे शब्दही म्हटले, आणि निघता निघता म्हणाले, "तुझ्या वडिलांना सांग, जमिनीचा निकाल सण झाल्यावर देतो."

रेब शिमलच्या वडिलांना मातीआड जाऊन वीस वर्षं झाली होती. हेन्या घाईनं म्हणाली, "थट्टा करतात," आणि दार लावून घेतलं. पुष्कळ दिवसांनी तिनं स्वतःसाठी गरम चहा ओतला आणि तो गार व्हायच्या आत प्यायली.

दुपारी जेवणं व्हायच्या सुमारास दारावर थाप पडली. रेब शिमल होता, आणि त्याच्यामागे त्याचा जावई कालमन. हा कालमन सासऱ्याच्या पैशावर जेवायचा आणि दिवसभर धर्मकायद्याचा कीस काढायचा. रेब शिमलच्या हातात महाळुंगाची पेटी होती.

"सणाच्या शुभेच्छा," हेन्या म्हणाली. "काही विसरलं का?"

"नाही गं," रेब शिमल म्हणाला आणि जावयाकडे बघू लागला. "तू सांग. तुझंच डोकं."

कालमननं बाईकडे न बघता भिंतीला सांगितलं. "सासऱ्यांनी सिनेगॉगमध्ये सकाळची गोष्ट सांगितली. निकालाची."

"गंमत म्हणून सांगितली हो," रेब शिमल मध्येच म्हणाला. "प्रेमानं सांगितली."

उचलली जीभ लावली टाळ्याला. हेन्या दाराची कड धरून उभी राहिली.

"ज्याची बुद्धी शाबूत नाही," कालमन पुढं म्हणाला, "त्याला भेट देता येते. पण त्याला ती परत देता येत नाही. तो नुसतं हात पुढं करतो. कायद्यानं काही दिलं जात नाही. मग सकाळपासून हे महाळुंग रेब अव्रूम-लेब यांचंच. सासऱ्यांनी दुसऱ्याच्या फळावर मंत्र म्हटला. त्यांच्यामागून आणखी पाच-सहा जणांनी म्हटला. आम्ही सगळ्यांनी दुसरं फळ घेऊन पुन्हा केलं, ते होऊन गेलं. पण हे आता आम्ही ठेवलं तर चोरी होईल." त्याला स्वतःलाच वाईट वाटलं असावं, कारण तो हळूच म्हणाला, "प्रार्थनेनंतर दिलं असतं तर काही प्रश्नच नव्हता. सगळ्यात आधी दिलं, तिथं घोटाळा झाला."

सगळ्यात आधी यायला तिनंच सांगितलं होतं. सकाळी गल्लीत कुणी नसतं, कुणी बघत नाही, म्हणून.

"घे," रेब शिमल पेटी पुढं करत म्हणाला. "माझी काही तक्रार नाही. थेट इटलीतल्या कालाब्रियाचं आहे. अख्ख्या वस्तीत असं दुसरं नाही. पण जाऊ दे. त्यांनाच राहू दे."

पेटी तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होती. ती घेतली की संपलं. एवढं सुंदर फळ या घरात कधी आलं नव्हतं, आणि ते घेणं म्हणजे माझा बाप वेडा आहे असं सही करून देणं. रेब शिमल आज प्रेमानं हेही सगळ्यांना सांगेल, आणि संध्याकाळी दहा मोजताना बोट पुढं सरकेल.

"माझे टाटे शहाणे आहेत," हेन्या म्हणाली. "तुमच्या सगळ्यांपेक्षा शहाणे. तुमचा प्रश्न आहे ना? मग त्यांनाच विचारा. हयातभर तुम्ही त्यांनाच विचारत आलात."

दोघं चपापले. पण तिनं वाट सोडून त्यांना मांडवाकडे नेलं. तिचा एका गोष्टीवर भरवसा होता. वडिलांचं सगळं गेलं होतं, पण कायदा राहिला होता. रात्री-बेरात्री ते तिला नाही ओळखायचे, पण कुंपणाच्या वादातलं एखादं कलम विचारलं तर धडाधडा सांगायचे.

रेब अव्रूम-लेब पोथीवर हात ठेवून बसले होते. समोर गाजराची खीर तशीच होती. कालमननं लाजून नावं गाळली. "एक प्रश्न आहे, रेब. एकानं एका म्हाताऱ्याला महाळुंग दिलं, परत देण्याच्या अटीवर. म्हाताऱ्यानं परत दिलं. आता शंका अशी, की त्याची बुद्धी शाबूत आहे का."

म्हातारा ताठ बसला. आवाज आला तो जुनाच, धर्मपीठावरचा.

"मंत्र नीट म्हणाला?"

"अगदी नीट."

"मंत्र पोपटही म्हणेल. त्यावरून काही ठरत नाही. वेडा कोण, हे जुन्यांनी सांगून ठेवलंय. दिलेली वस्तू जो नासवतो तो. चेहऱ्यावरून वेडेपण दिसत नाही, देणं-घेणं बघायचं. त्याला काही दिलं तर तो काय करतो?"

रेब शिमलच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. असा निवाडा करणारा माणूस वेडा कसा असेल? त्यानं पेटी नकळत स्वतःकडे ओढून घेतली. हेन्यानं ते बघितलं आणि पहिल्यांदाच तिचा श्वास मोकळा झाला.

"ते आम्हाला काय ठाऊक," कालमन म्हणाला.

"मग घरच्यांना विचारा. घरात कोण आहे?"

कालमननं नजर जमिनीवरून उचलून हेन्याच्या झग्याच्या काठापर्यंत आणली आणि तिथंच ठेवली.

"ही बाई त्या घरातली का?" रेब अव्रूम-लेब म्हणाले. त्यांनी तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत मुलगी नव्हती. समोर साक्षीदार उभा होता. "पुढं ये, बाई. घाबरू नकोस. म्हातारा दिलेलं नासवतो का?"

"नाही," हेन्या म्हणाली.

"जपतो?"

"जिवापाड जपतात."

"शेवटची भेट काय दिली होती त्याला?"

तिला काहीतरी दुसरं सांगायचं होतं, पण आयुष्यभर या आवाजापुढं ती खोटं बोलली नव्हती, आणि तोंडातून खरं ते निसटलं. "कोट. नव्या वर्षाला."

"लोकरी?"

"लोकरी."

"मग सोपं आहे. आज सण आहे. आजच्या दिवशी माणूस नवं अंगावर घालतो. म्हाताऱ्याच्या अंगावर तो कोट आहे का?"

रेब शिमल आणि कालमन दोघांनीही एकदमच म्हाताऱ्याच्या बाहीकडे बघितलं. कोपरावर झिजून जाळी झालेली, हेन्यानं दोनदा रफू केलेली ती जुनी बाही. फक्त म्हाताऱ्यानं तिकडं बघितलं नाही. तो हेन्याकडेच बघत होता.

"आहे," हेन्या म्हणाली. "अंगावर आहे."

रेब अव्रूम-लेबनी मान हलवली, डावीकडून उजवीकडे, बाजारात हलवायचे तशी. "तू त्याची कोण?"

"मुलगी."

"वाटलंच मला," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "परका माणूस एवढं वाईट खोटं बोलत नाही. चांगली मुलगी आहेस, बाई. तुझ्या बापाचं नशीब. पण बापाच्या खटल्यात मुलीची साक्ष घेता येत नाही, आणि खोटी तर मुळीच नाही." मग ते पुरुषांकडे वळले. "लिहून घ्यायचं तर सण झाल्यावर घ्या. महाळुंग त्या म्हाताऱ्याचं. त्याला दहांत धरू नका. आणि त्याला कधी हे कळू देऊ नका, उगाच जिवाला लागेल त्याच्या."

"होय, रेब," कालमन म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एखाद्या निकालात काढायला कीस सापडला नसावा.

रेब शिमलनं पेटी टेबलावर ठेवली, खिरीच्या वाटीशेजारी. त्याला काहीतरी बोलायचं होतं. दारापर्यंत गेल्यावर तो म्हणाला, "हेन्ये, संध्याकाळी त्यांना घेऊन ये हं प्रार्थनेला. जागा त्यांचीच आहे. आम्ही अकरावा माणूस बघून ठेवू, म्हणजे कुणाला काही..." वाक्य पुरं न करता तो जिना उतरला. त्याच्या सगळ्या उपकारांत हा सगळ्यात मोठा होता, आणि हेन्याला त्याचा जेवढा राग आला तेवढा जन्मात कुणाचा आला नव्हता.

ती मांडवात परत आली तेव्हा वडिलांनी पेटी उघडली होती. तागाच्या मऊ धाग्यांतून त्यांनी फळ बाहेर काढलं आणि छपराच्या फटीतून येणाऱ्या उन्हात धरलं. हळूहळू फिरवलं. या अंगानं, त्या अंगानं. न्यायाधीश निघून गेला होता; म्हातारा तेवढा उरला होता, आणि फार खूश होता.

"एक डाग नाही," ते म्हणाले. "कुणाचं गं हे?"

"तुमचं, टाटे."

"माझं? दिलं कुणी?"

"रेब शिमलनं."

"अगं मग परत देऊन ये लवकर. माणूस वाट बघत असेल. परत नाही केलं तर त्याचा सण बुडेल."

"परत नाही द्यायचं. अट घातली नाही. कायमचं दिलंय."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं, मग फळाकडे. त्यांचे डोळे भरून आले.

"असं कोण देतं गं आजकाल," ते म्हणाले. "आभार मानलेस ना त्याचे?"

"मानले," हेन्या म्हणाली.