सात पुस्तकांचा पुठ्ठा

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे, इंग्रजी बायबल. जन्मलो तेव्हा माझ्यात त्र्याहत्तर पुस्तके होती. आज सहासष्ट आहेत.

चारशे वर्षांपूर्वी कॅथलिकांनी आणि प्रॉटेस्टंटांनी बायबलची आपापली इंग्रजी भाषांतरे केली आणि एकमेकांच्या चुका काढल्या. मी कॅथलिकांचा. वसईच्या इनासला त्याच्या आयने मला दिले आणि १९७६ साली त्याच्या पेटीतून मी कतारमधल्या दोह्याला आलो. इनास वायरमन होता. तिथल्या मुशैरिब वस्तीतल्या खोलीत त्याच्याबरोबर नगरचा जालिंदर राहत असे. तो वेल्डर, प्रॉटेस्टंट. त्याच्याजवळ त्याच्या पंथाचे इंग्रजी बायबल होते. शुक्रवारच्या सुट्टीला दोघे आम्हाला शेजारी उघडून बसत.

"इन्या, तुह्या बायबलात नोहाचं नाव बी धड न्हाई, 'नोए' लिवलंय," जालिंदर म्हणे.

"तुमच्याच लोकांनी बदललं ते. आधी चहा टाक."

वापरून माझी शिवण उसवली, पाने सुटी झाली. अनुक्रमणिका तर केव्हाच गळाली होती. इनास महिनाभर दुखानच्या तेलक्षेत्रावर कामाला गेला, तेव्हा जालिंदरने मला बांधायला घेतले. त्याचे वडील मिशनच्या छापखान्यात बाइंडर होते. हात तयार होता. विस्कटलेली पाने लावण्यासाठी त्याने स्वतःचे बायबल समोर ठेवले. माझी सात पुस्तके त्यात सापडेनात; प्रॉटेस्टंटांच्या बायबलात ती नसतातच, हे त्याला ठाऊक नव्हते. दुसऱ्या कुणाची पाने मिसळली, असे त्याला वाटले. चांगला कागद वाया का घालवा, म्हणून त्याने ती खळीने एकावर एक चिकटवली, वजनाखाली दाबली आणि त्यांचाच माझा पुठ्ठा केला.

इनासने परतल्यावर पुठ्ठ्यावरून हात फिरवला आणि अरबीत आभार मानले. "शुक्रन, जालिंदरशेट!"

माझे ते शेवटचे कौतुक.

१९७९च्या मार्चमध्ये दुपारच्या सुट्टीत तार आली. आय गेली होती. दफन आज चारला. पासपोर्ट कंपनीकडे होता. जाणे शक्य नव्हते. निघताना आयने एकच मागितले होते: "मला मातीत ठेवतील तेव्हा मेलेल्यांसाठी प्रार्थनेचा तो उतारा वाच. असशील तिथून."

वसईत चार म्हणजे दोह्यात दीड. एक वाजता इनासने मला उघडले. पुन्हा पुन्हा उलटले.

"जाल्या, जुन्या करारातली शेवटची पुस्तकं कुठायत? तो उतारा?"

जालिंदरने आपले बायबल पुढे केले. त्यातही तो नव्हता. मग त्याची नजर माझ्या पुठ्ठ्यावर गेली.

"ती व्हय? पुठ्ठ्यात घातली रं. मला वाटलं, दुसऱ्याची हायेत."

इनासने माझा पुठ्ठा पाण्याच्या बादलीत बुडवला. नखांनी थर सोडवू लागला. अक्षरे लगदा होऊन बोटांना चिकटली.

"तोंडपाठ न्हाई?"

"पहिली ओळ. पुढचं नाही येत."

दीड वाजला. इनास तीच ओळ म्हणत राहिला. मेलेल्यांसाठी जालिंदरच्या पंथात प्रार्थना करत नाहीत. तरी तोही म्हणू लागला. मग खाली गाडीचा हॉर्न वाजला. "यल्ला!" ड्रायव्हर ओरडला. दोघे कामावर गेले.

इनासने मला पुन्हा उघडले नाही. आता मी त्याच्या पेटीच्या तळाशी आहे, बिनपुठ्ठ्याचा.

मित्रांनो, कुणाचे मोडलेले सांधायला घ्याल, तर आधी त्याला विचारा. मला विचारून उपयोग नव्हता. इनासला विचारता आले असते. तो महिनाभरात येणारच होता.