लोंढ्याला गेलेले घोंगडे

मित्रांनो, मी एक काळे, खरखरीत आणि आता दोन ठिकाणी विरलेले जुने घोंगडे आहे. मी अंगाला टोचते, हे मला मान्य आहे. पण माझ्या नावाने नाक मुरडणारे पाहुणे पहाटेच्या थंडीत मलाच गळ्यापर्यंत ओढून घेतात, त्यामुळे त्यांचा मला राग येत नाही.

चिकोडीकडच्या बिराप्पा धनगराने मला विणले. लोकर त्याच्याच मेंढरांची, कातली त्याच्या बायकोने, आणि वरून चिंचोक्याची खळ. बेळगावच्या बाजारात पिरनवाडीच्या अंबुबाईने मला घेतले, ते आपल्या नातवासाठी.

या खरेदीमागे एक दुखणे होते. अंबुबाईचा एकुलता एक मुलगा शामू बेळगावात मिशनमध्ये सुतारकाम शिकला. तिथे प्रभू येशूवर त्याचा विश्वास बसला आणि बाप्तिस्मा घेऊन तो शिमोन झाला. भाऊबंदांनी त्याला घर बंद केले. तोही हट्टाला पेटला आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही. नातू झाल्याचे कळल्यावर म्हातारी मला डोक्यावर घेऊन चालत बेळगावला आली, दाराबाहेरच थांबली आणि सून रूथबाईच्या हातात मला देऊन म्हणाली, "पोराला थंडी लागू दिऊ नगं गं. तुमचा देव निराळा असू दे, नातू माझाच हाय."

नातवाचे नाव योसेफ. मीच त्याचे अंथरूण, मीच पांघरूण. नाताळात मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, मुले मेंढपाळांचा प्रवेश करत, तेव्हा मला खांद्यावर टाकून तो सगळ्यांच्या पुढे उभा राही. तारणाऱ्याच्या जन्माची बातमी आधी मेंढपाळांना कळली, हे दर वर्षी ऐकताना मला मोठा अभिमान वाटे. शेवटी मी त्यांच्याच घरचे.

योसेफ मोठा होऊन रेल्वेत लागला, त्याच वर्षी अंबुबाई वारली. पिरनवाडीहून सांगावा आला. शिमोन आप्पा तोवर मंडळीचे पंच झाले होते. ते म्हणाले, "त्या विधींत आपलं काम न्हाय. कुणी जायचं न्हाय."

योसेफ गेला. त्याने आजीच्या तिरडीला खांदा दिला, मुलाच्या जागी नातू म्हणून अग्नी दिला आणि डोईवरचे केसही उतरवले. तसाच तो घरी आला. आप्पांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिले नाही. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच मंडळीपुढे उभे राहून सांगितले, की माझा मुलगा सर्वांसमक्ष पश्चात्ताप करीपर्यंत त्याला प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या पंगतीला, बसू देऊ नये.

"आजीला पोचवल्याचा पश्चात्ताप मला हुणार न्हाय, आप्पा," योसेफ म्हणाला. त्याने बेळगावजवळच्या लोंढा जंक्शनला बदली मागून घेतली आणि घर सोडले. मला मात्र त्याने नेले नाही.

त्यानंतरचे नाताळ फार मुके होते. करंज्या तळल्या जात, शेव पाडली जाई, शेजारच्या घरी फराळाची ताटे जात, पण लोंढ्याचे नाव घरात कुणी काढत नसे. योसेफचे लग्न झाले, त्याला मुलगी झाली, हे रूथबाईला रेल्वेच्या माणसांकडून कळले. नवऱ्याशी तिने भांडण केले नाही. नाताळच्या जेवणाला ती एक पाट जास्त मांडी. आप्पा तो पाट पाहत आणि जेवून उठत. मला त्यांचा संताप येई. पण रात्री ते कूस बदलत जागे असत, हेही मला ठाऊक होते, आणि मग त्यांची कीवही येई.

पहिले महायुद्ध संपले त्या साली तापाची मोठी साथ आली. रूथबाई त्यातून उठली, पण तिच्या अंगात काही उरले नाही. डॉक्टरांनी आप्पांना अंगणात नेऊन काय ते सांगितले. ती आत पडल्या पडल्या समजून गेली. "योसेफ एकदा दिसला म्हंजे झालं," ती म्हणाली. आप्पा म्हणाले, "त्यानं मंडळीपुढं यावं. वाट मोकळी हाय."

नाताळच्या सकाळी तिने देवळात जायचा हट्टच धरला; चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. तिला जमिनीचा गारवा लागू नये म्हणून मला खाली अंथरले होते. आमच्या मंडळीत एक रीत होती. प्रभुभोजनाआधी पंचांनी उभे राहून विचारायचे, "कुणाचं कुणाशी बोलणं बंद हाय काय? असंल तर आधी मिटवा, मग भाकरीला हात लावा." एका वर्षी कोंबडीवरून भांडलेल्या दोन जावा भर देवळात गळ्यात पडून रडल्या होत्या. रीत अशी खरी होती, नुसती म्हणायची नव्हती.

आप्पांनी नेहमीसारखे विचारले. कुणी उठले नाही. मग भाकरीची थाळी घेऊन ते रांगेतून फिरत रूथबाईपाशी आले. तिने हात पुढे केला नाही. अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "तुम्हीच इचारलासा. आज तुम्हीच सांगा की."

आप्पा तिथेच उभे राहिले. मग ते मागे फिरले, थाळी मेजावर ठेवली आणि मंडळीचे पाद्री, पाळकसाहेब, यांना म्हणाले, "मला हे वाटता येत न्हाय. माझा पोरगा लोंढ्यात हाय." सगळी मंडळी पाहत होती. रूथबाईने मला अंगाखालून ओढले आणि त्यांच्या खांद्यावर टाकले. "हे घिऊन जावा. तिकडं थंडी लई."

आम्ही दुपारच्या गाडीने लोंढ्याला पोचलो. दार योसेफनेच उघडले. त्याच्या पायांशी एक लहान मुलगी उभी होती. बापाला पाहून तो एवढेच म्हणाला, "मंडळीनं परत घेतलं काय मला?"

"मंडळीचं ठावं न्हाय. मी कुणाला इचारलं न्हाय," आप्पा म्हणाले. "आई माझी हुती, योसेफ. खांदा मी द्यायचा हुता. मी गेलो न्हाय, तू गेलास. त्याचाच मला राग हुता."

योसेफने मला त्यांच्या खांद्यावरून उतरवले आणि मुलीला माझ्यात गुंडाळले. "आई कशी हाय?" त्याने विचारले. आप्पांच्या तोंडाकडे पाहून तो काय ते समजला. बायकोला हाक मारून त्याने कपडे आवरायला सांगितले.

त्या संध्याकाळी बेळगावच्या घरात सगळे जमिनीवर एकत्र जेवायला बसले. रूथबाईने नातीला मांडीवर घेतले आणि हाताने तिचे तोंड पुन्हा पुन्हा कुरवाळले. आप्पा प्रार्थना करू लागले, पण मध्येच त्यांनी योसेफचा हात धरला. उरलेली प्रार्थना योसेफने पुरी केली. रूथबाईने अर्धी करंजी खाल्ली. नवे वर्ष उजाडायच्या आत ती प्रभूकडे गेली.

मित्रांनो, मी आता योसेफच्या घरी आहे. मला उन्हात घाला, कसरीची कीड लागू देऊ नका, एवढे माझ्यापुरते मागणे. पण तुमच्या घरात कुणाचे नाव काढायचे बंद झाले असेल, तर त्यासाठी नाताळची वाट पाहू नका. म्हातारपणी आप्पा माझ्यावर बसून एकच गोष्ट सांगत. ते म्हणत, "लोंढा काय लांब न्हवतं रं. गाडी रोज जात हुती."