हळद पुसेल म्हणून

मित्रांनो, आधी तो नमस्कार थांबवा. मी देव नाही. मी खो-खोचा एक जुना खांब आहे. अंगावरचं हळदकुंकू आणि गळ्यातला झेंडूचा हार बघून फसू नका.

अंबरनाथला शिवमंदिराजवळ एका सुताराने मला सागाच्या लाकडातून घडवलं. पोरांच्या हातात कुसळ शिरू नये म्हणून त्याने मायेने रंधा मारला. मग बदलापुरात, कात्रपच्या एका शाळेच्या मैदानात मला रोवलं. समोरच्या टोकाला माझा जोडीदार, मध्ये उकिडवी बसलेली मुलं. खो मिळाला की मुलं सुसाट सुटायची आणि वळताना मला घट्ट धरायची. काय धूळ उडायची! काय गोंगाट! मला फार आवडायचं ते.

त्यातच होती करिष्मा. शेतकरी आगरी घरातली, काटकुळी. मला धरून पुढे झेप घ्यायची म्हटलं की रडकुंडीला यायची.

"सर, मना भ्या वाटतं."

"खांब आहे ना? तो नाही सोडत कुणाला," खेळाचे मिलिंद सर म्हणायचे.

पडली, गुडघा फुटला, माती लावून पुन्हा उभी राहिली. आणि उल्हासनगरच्या शाळेशी झालेल्या अंतिम सामन्यात, शिटी वाजायच्या बेतात, तिने एका हाताने मला धरून अशी झेप घेतली की समोरची पोर बादच! मग मला मिठी मारून ओक्साबोक्शी रडली. "यो खांब माझा हाय. याला मी कदी सोरनार नाय!"

मी विश्वास ठेवला. लाकूडच ते, भोळंच असायचं.

मोठी होऊन करिष्मा याच शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून आली, तेव्हा मला वाटलं, आता आपले दिवस आले. कसले दिवस! आधी पीटीचा तास गणिताला गेला. करिष्मा मॅडमनी तो सहज देऊन टाकला. मग मला धरून वळताना एका मुलाचा गुडघा खरचटला आणि त्याचे आईवडील शाळेत येऊन भांडले. मुख्याध्यापकांनी विचारलं, "काय करायचं, मॅडम?"

मी श्वास रोखून ऐकत होतो. आता ती बोलेल. स्वतःच्या गुडघ्यावरचा वण दाखवेल.

"खांब काढूया, सर," करिष्मा म्हणाली. "उगाच रिस्क कशाला?"

केसाने गळा कापला हो माझा! दुसऱ्या कुणी उपटलं असतं, तर एवढं लागलं नसतं.

मैदानात फरशी बसली, तिथे गाड्या लागू लागल्या. जोडीदार कुठे गेला, देव जाणे. मला मात्र दरवाज्याजवळ चौथऱ्यावर उभं केलं. त्या अंतिम सामन्याची ढाल शाळेला मिळवून दिली ना मी! दर खंडेनवमीला माझी पूजा होते, नारळ फुटतो, फोटो निघतात. मान आहे हो, मान! खेळ तेवढा नाही.

परवाच्या खंडेनवमीला राजसी नावाची एक चुणचुणीत मुलगी पुढे आली.

"मॅडम, हाच तो खांब? तुम्ही कशा धरायच्या? मी एकदा धरून बघू?"

करिष्माचा चेहरा क्षणभर बदलला. माझ्या अंगात जीव आला. बोल पोरी, हो म्हण!

"हात नको लावू गं," ती म्हणाली. "हळद पुसेल."

पण राजसीने तोवर मला धरलं होतं. तळवा मऊ होता, कधी मातीत न टेकलेला. तरी पकड मात्र अगदी तिच्यासारखी, त्या काटकुळ्या करिष्मासारखी.

"जा, आधी हात धुऊन ये," मॅडम म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत माझ्यासारखा कुणी हार घालून उभा असेल. त्याच्या पाया पडू नका. त्याला मैदानात न्या, धरा, गरगर फिरा, पडा, परत उठा. आणि कुणी म्हणालं की हळद पुसेल, तर पुसू द्या. मी ती कधी मागितलीच नव्हती.