ठेवीची खुंटी

मी एका प्रार्थनाघराच्या व्हरांड्यातली जुनी लाकडी खुंटी आहे. आत जाताना डाव्या हाताला एक लांब फळी दिसते, तिच्यावर आम्ही ओळीने बसलो आहोत. दाराला अगदी खेटून असलेली, मान जराशी वाकलेली, ती मी. मित्रांनो, भिंतीवरच्या खुंटीला कसली आली आहे चिंता, असे तुम्हाला वाटेल. पण खरे सांगते, कित्येक वर्षांत मला एक दिवस स्वस्थता लाभलेली नाही.

माझा जन्म सुताराच्या हातचा. प्रार्थनाघराचे मोठे दार करून झाल्यावर लाकडाचे काही तुकडे उरले होते. ते सरपणात जायचे, पण सुतार महाचिकट. त्याने आम्हाला तासले, कुणाचा सदरा अडकून फाटू नये म्हणून काचकागदाने घासघासून गुळगुळीत केले आणि पोटभर तेल पाजले. म्हणजे ते दार माझे सख्खे भावंड झाले. ते उघडते आणि मिटते, मी नुसती धरून ठेवते.

प्रार्थनाघराचा एक जुना नियम होता. हत्यार घेऊन देवासमोर जायचे नाही, ते बाहेर आमच्यावर टांगायचे. दुसरा नियम असा की टांगलेली वस्तू ही ठेव. मालकाने बाहेर येऊन हात पुढे केला की ती त्याला मिळालीच पाहिजे. परत मिळायची खात्री नसेल तर कोण कशाला टांगेल? एकदा म्हाताऱ्या शिंप्याने विचारले की कात्री हत्यारात धरायची का. त्यावर सगळी दुपार वाद झाला आणि कात्रीही टांगायची असे ठरले. तेव्हापासून शिंपी ती मुद्दाम खणकन आवाज करून टांगू लागला. लोक उगीच म्हणतात, अमक्याने लाज खुंटीला टांगली. माझ्यावर तरी ती कुणी आणून टांगली नाही. छत्र्या, पिशव्या, विळे, खाटकाचा सुरा आणि शिकारीच्या बंदुका, एवढेच माझ्या वाट्याला आले.

या सगळ्यावर लक्ष ठेवायला मावशी होती. दाराशी स्टुलावर बसून ती लोकर विणायची आणि कुणाचे काय ते न चुकता हातात द्यायची. सगळे तिला मावशी म्हणत. पत्रे बसवणाऱ्या दोघा भावांची मात्र ती खरीखुरी मावशी होती, सख्ख्या बहिणीची मुले. बहीण लवकर गेली, तेव्हा दोघांना हिनेच वाढवले.

त्या काळी नदीच्या दोन्ही काठांवरची माणसे प्रार्थनेला इथेच येत. देव एक, प्रार्थनेचे शब्दही तेच. अलीकडच्याची आणि पलीकडच्याची बंदूक माझ्यावर गळ्यात गळा घालून लटकलेली मी पाहिली आहे. मग पाण्यावरून कुरबूर सुरू झाली, कुरबुरीची मारामारी झाली, आणि एके दिवशी पलीकडच्यांनी आमच्या काठावरची धान्याची कोठारे जाळली. त्यानंतर पुलावरून कुणी प्रार्थनेला आले नाही.

प्रवचनकार पट्टीचा बोलणारा, पण मनाने सरळ. त्या आठवड्यात तो व्हरांड्यात सारख्या येरझाऱ्या घालत होता. शेवटी त्याने आत जाऊन सांगितले की निराधारांना वाचवण्यासाठी हत्यार उचलणे पाप नाही, पण त्यालाही कुंपण आहे. पडलेल्यावर वार करायचा नाही, उभे पीक जाळायचे नाही आणि तह झाला की हत्यार खाली ठेवायचे. तेवढ्यात शिंपी उठून उभा राहिला. दार उघडेच होते, म्हणून मला ऐकू आले.

"कुंपण घालणारे तुम्ही आणि मोडणारे आम्ही," तो म्हणाला. "त्यापेक्षा मारूच नका, असं सरळ का नाही सांगत?"

"आणि जळत्या घरातल्या लेकरांना काय सांगू?" प्रवचनकाराने विचारले.

शिंपी तडक बाहेर आला आणि कात्री काढून घेऊन निघून गेला. प्रवचनकाराला आपलेच उत्तर पुरेसे वाटले नसावे, कारण त्याचा आवाज उतरला होता. नंतर कित्येक दिवस दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. मित्रांनो, मी दाराबाहेरची. आत देव कुणाच्या बाजूने मान हलवतो ते मला दिसत नाही. पलीकडच्या काठावरही कुणीतरी असेच प्रवचन करत असेल, या विचाराने मात्र माझा जीव खालीवर होत असे.

लढाईच्या काळात आमची फार वाहवा झाली. पाहुण्यांना आम्हाला दाखवून लोक अभिमानाने सांगत, बघा, एवढ्या धुमश्चक्रीतही आमच्या प्रार्थनाघरात एक सुरी जात नाही. त्या कौतुकाच्या ओझ्यानेच माझी मान वाकली. बंदुका जड असतात, आणि लढाईतून आलेली बंदूक शिकारीच्या बंदुकीपेक्षा जड लागते. का, ते मला सांगता येणार नाही.

तह झाला. पण तहाच्या आदल्याच दिवशी पुलावर पहाऱ्याला असलेला मावशीचा थोरला भाचा पलीकडच्या पहारेकऱ्याच्या गोळीने गेला होता. मावशीने विणकाम खाली ठेवले ते पुन्हा उचलले नाही. काही महिन्यांनी मोडका पूल दुरुस्त होऊ लागला. तोच पहारेकरी मूळचा वेल्डर निघाला आणि त्याच पुलावर कामाला लागला. आमच्या व्हरांड्यातून त्याच्या वेल्डिंगच्या निळ्या ठिणग्या दिसत. सगळ्यांना ते ठाऊक होते. बोलत कुणी नव्हते.

एके दिवशी भर दुपारी धाकटा भाचा आला. त्याच्या अंगात भावाचा कोट आणि खांद्यावर भावाची बंदूक होती. ती त्याने माझ्यावर टांगली आणि तो आत गेला. बराच वेळ गेला. मावशी स्टुलावरून उठून माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तो बाहेर आला आणि त्याने हात पुढे केला.

"कुठं निघालास?" मावशीने विचारले.

"पुलावर."

मावशी जागची हलली नाही. तो आधी विनवू लागला, मग चिडला, मग ओरडला. तो म्हणाला की दुसरी बंदूक मला कुठेही मिळेल, पण हे काम भावाच्याच बंदुकीने व्हायला हवे. आवाज ऐकून प्रवचनकार धावत आला. त्याने भाच्याला बजावले की लढाईतले मारणे एक आणि तहानंतरचे मारणे दुसरे, हा निव्वळ खून आहे, देव याला होकार देणार नाही. मला हायसे वाटले. पण लगेच तो मावशीकडे वळला. ठेव म्हणजे ठेव, ती त्याला द्यावीच लागेल, असे त्याने सांगितले. आज एकाची अडवलीस तर उद्या कुणी काही टांगणार नाही, सगळे सुरे आणि बंदुका आत जातील, मग त्या रक्ताचा जाब कोण देणार? त्याचे म्हणणे खोटे नव्हते, म्हणूनच मी घाबरले.

मावशीने बंदुकीवर हात ठेवला. मग तिने विचारले, "मालक भानावर नसेल तर ठेव देऊ नये, असंही आहे ना?"

"आहे," प्रवचनकार म्हणाला. "पण तो भानावर आहे की नाही, हे ठरवणार कोण? तू?"

"तोच ठरवेल. मी फक्त विचारीन." ती भाच्याकडे वळली. "राग गेला का रे?"

मित्रांनो, एक शब्द पुरेसा होता. हो म्हणाला असता तर बंदूक त्याच्या हातात होती. पण प्रार्थनाघराच्या दारात उभे राहून खोटे बोलायचे नाही, हे मावशीनेच त्याला लहानपणी शिकवलेले. त्याने पुढे केलेला हात मागे घेतला.

"नाही," तो म्हणाला, आणि रिकाम्या हाताने पायऱ्या उतरला.

तेव्हापासून दर आठवड्याला तो येऊ लागला. आत जाई, बाहेर येई, हात पुढे करी. मावशी विचारी, तो नाही म्हणे आणि निघून जाई. इकडे प्रवचनकाराची भीतीही खरी ठरू लागली. खाटकाने सुरा कोटाच्या आत लपवून नेला, ते मी पाहिले. आणखी दोघेतिघे आमच्याकडे न बघताच आत जाऊ लागले. माझ्या शेजारच्या खुंट्या ओस पडल्या, त्यांच्यावर कोळ्यांनी जाळी विणली. मावशीला लोक टोमणे मारत. ती ऐकून घेई. पण कुणी नसले की माझ्यावरच्या बंदुकीवर हात ठेवून ती रडे, कारण ती बंदूक तिच्या पोटच्या मुलासारख्या पोराची होती. एकदा ती पुटपुटली, "मलाही तो वेल्डर मेलेला हवाय." हे तिने देवाला सांगितले की मला, ते कळले नाही. पण ऐकले मी.

मग एका सकाळी भाचा आला आणि मावशीने विचारण्याआधीच म्हणाला, "गेला. राग गेला माझा."

मावशीने त्याच्या तोंडाकडे पाहिले. प्रवचनकार दारातच उभा होता. त्याने नकारार्थी मान हलवली. इतके दिवस ठेव परत दे म्हणणारा तो, आज देऊ नकोस म्हणून खुणावत होता. मावशीने पदराला हात पुसले, बंदूक माझ्यावरून काढली आणि भाच्याच्या हातात दिली.

"खोटं बोलतोय तो, बाई," तो गेल्यावर प्रवचनकार म्हणाला.

"मला ठाऊक आहे," मावशी म्हणाली. "पण ठरवणार तो, असं मीच म्हणाले होते."

माझ्यावर काही उरले नव्हते. इतक्या दिवसांचे ओझे उतरले तर मान हलकी व्हायला हवी होती. उलट मला भिंतीतून निखळून पडेन असे वाटू लागले. समोर पुलाकडे जाणारा रस्ता सरळ दिसत होता आणि भाचा भरभर चालला होता. पुलावर निळ्या ठिणग्या उडत होत्या. मावशी स्टुलावर बसली होती. प्रवचनकार धावत पायऱ्या उतरला, पण त्याचे ते पाय म्हातारे.

पुलाच्या तोंडाशी भाचा थांबला. वेल्डरने डोळ्यांवरची काच वर केली आणि त्याच्याकडे पाहिले असावे, कारण ठिणग्या बंद झाल्या. तो सगळा काठ मला एवढा शांत कधी वाटला नव्हता, आणि ती शांतता मला सोसवत नव्हती. मग भाचा वळला. येताना त्याची चाल संथ होती. वाटेत भेटलेल्या प्रवचनकाराला त्याने हाताला धरून परत आणले.

"मावशी, खोटं बोललो मी," तो म्हणाला. "तू विचारलं नाहीस, तरी बोललो. राग आहे अजून."

मावशीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. बंदूक त्याने स्वतःच माझ्यावर टांगली आणि तो आत गेला. त्याच्यामागून मावशीही गेली, आणि किती तरी वेळ दोघे बाहेर आली नाहीत. त्या आठवड्यात खाटकाने कुणी न सांगता सुरा माझ्या शेजारी लटकवला.

आता मी म्हातारी झाले आहे. भिंतीचा गिलावा सुटला आहे आणि माझ्या मुळाशी वाळवी लागली आहे. आमच्या जागी कुलूपवाले लोखंडी कपाट आणायचे चालले आहे. कपाट मजबूत असेल, मी नाही म्हणत नाही. पण कपाटाला किल्ली लागली की ते उघडेल, काही विचारायला कुणी उभे राहणार नाही. म्हणून मित्रांनो, एवढे करा. मला थोडे तेल पाजा, वाळवी झाडा, दोन खिळे ठोका, आणि माझ्याशेजारी विचारणारे एखादे माणूस ठेवा. मावशी आता थकली आहे. परवाच तिने भाच्याला विचारले, राग गेला का रे, आणि तो म्हणाला, नाही. बंदूक अजून माझ्यावर आहे.