रिंकूचं दुसरं अपेंडिक्स

ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडलं आणि सर्जन मॅडम स्टीलचा ट्रे घेऊन बाहेर आल्या, तेव्हा मिथुन बाकावरून उठला. तासाभराचं काम, असं त्यांनीच सांगितलं होतं. अजून अर्धा तासही झाला नव्हता.

रिंकू, त्याची बायको, कालपासून पोट धरून लोळत होती. पोंभुर्ण्याहून चंद्रपूरपर्यंत ती जीपमध्ये एक शब्द बोलली नाही. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला शिवी देणारी बाई गप्प बसली, यानंच तो अर्धा मेला होता.

भरती करताना मॅडमनी विचारलं होतं, "पाळीच्या वेळी पोट दुखतं का?" रिंकूला कळांमुळे बोलवत नव्हतं. शेजारी मिथुनचा बाप दादाजी उभा. बापासमोर हा शब्द घरात कधी आलाच नव्हता. बाई 'बाहेर बसली' म्हणत, तेही गडी माणसं उठून गेल्यावर. मिथुननं भिंतीवरच्या पंख्याच्या बटणांकडं बघत "नाई" म्हटलं. रिंकूनं त्याच्याकडं पाहिलं. ते पाहणं अजून त्याच्या मानेवर बसून होतं.

"दोन निघाली," मॅडम म्हणाल्या. "अपेंडिक्स माणसाला एक असतं. हिला दोन. एक सुजलेलं, दुसरं आतड्याच्या मागं दडलेलं. मी आजवर पाहिलं नव्हतं."

मिथुन, बाप आणि आई, तिघंही ट्रेवर वाकली. दादाजीची हयात तलावात मासे धरण्यात गेलेली. त्यानं दोन्ही निरखून पाहिली.

"बारीक आहेत," तो म्हणाला.

"हे माहेरून आणलं असन," मिथुनची आई गोकुळा म्हणाली. "आमच्याकडं कोणालेच दोन नाई."

मिथुनला हसू आलं, ते त्यानं खोकून झाकलं.

"त्याचं काही नाही, ते काढलं," मॅडम म्हणाल्या. "पण अंडाशयावर लिंबाएवढी गाठ आहे, आजूबाजूला जुन्या रक्ताचे डाग. मला एंडोमेट्रिओसिस वाटतो. गर्भाशयाचं अस्तर बाहेर उगवतं, मग दर महिन्याला तिथंही रक्त येतं. तसं असेल तर नुसती गाठ सोलून काढते, अंडाशय ठेवते. पण भरतीवेळी तुम्ही सांगितलंत, पाळीला त्रास नाही. मग गाठ कसली? वाईटही असू शकते. मग अंडाशयासकट काढावी लागेल. ती बेशुद्ध आहे. तुम्हीच नीट आठवून सांगा."

आठवायचं काय होतं? दर महिन्याला रिंकू गोधडीचा कोपरा दातात धरायची. 'तीन रोज मरते अन् चौथ्या रोजी भांडते,' असं मित्रांत सांगून तो चहाच्या टपरीवर हशा मिळवायचा. आता बाप दोन हातांवर होता.

"दुखते," तो म्हणाला. आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला. "पाळीत. दर महिन्यात. मी खोटं बोललो."

"किती दिवसांपासून?"

"असन दोन-अडीच..."

"चार वर्सं," दादाजी म्हणाला. तो जमिनीकडं बघत होता. "तवा ती जाळ्याले हात लावत नाई, म्हणून मले तिचे रोज ठाऊक आहेत. पयले दोन रोज उभी नाई राहात. या खेपेस तिसऱ्या रोजीबी नाई राह्यली."

गोकुळानं पदर तोंडाला लावला. मिथुनच्या कानशिलात ऊन ऊन झालं. ज्या बापापासून तो लपवत होता, त्या बापाला तारखा तोंडपाठ होत्या.

"म्हणजे सगळ्या घराला माहीत होतं," मॅडम म्हणाल्या, "फक्त डॉक्टरला नाही." आणि ट्रे घेऊन आत गेल्या.

पुढचा दीड तास तिघं बाकावर बसून होती. एकदा गोकुळानं "पाणी पेतं का?" विचारलं आणि कुणी प्यायलं नाही.

गाठ निघाली, अंडाशय राहिलं. तुकडा तपासायला गेला. आठ दिवसांनी कळणार होतं.

संध्याकाळी रिंकूनं डोळे उघडले. ओठ सुकलेले.

"तू नाई म्हणाला होता."

"हाव. मंग सांगतलं. बाबासमोर."

"मामाजीसमोर?"

"त्यायलेच जास्त माहीत होतं."

तिनं डोळे मिटले. मिथुनला वाटलं, झोपली. त्याला एक विनोद सुचला होता, दोन अपेंडिक्सवाला. तो त्यानं गिळला.

"काऊन म्हणाला 'नाई'?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

तो तिथंच उभा राहिला. पंख्याची बटणं या खोलीतही होती. त्यानं तिकडं पाहिलं नाही.

"लाज वाटली," तो म्हणाला.

"पोट माह्यं होतं," रिंकू म्हणाली.