पेशंट यायच्या आधी भरलेला कागद

सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी मी मशीनमधून ऊनऊन बाहेर पडलो. मी निरीक्षणाचा कागद बोलतोय. मनाच्या आजारांच्या दवाखान्यात एक डॉक्टर पेशंट तपासतो, दुसरा कोपऱ्यात बसून बघतो आणि काय जमलं, काय चुकलं ते माझ्यावर लिहितो. केवढी छाती फुगली होती माझी!

पेशंट अजून बाहेर बाकावरच, तोवर कोपऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पेन काढलं.

"काय लिहू?"

"मागच्या वेळचंच लिही गं. उद्या तू पेशंट तपासशील तेव्हा मीही तेच लिहीन," टेबलामागचे डॉक्टर चहा फुरकत म्हणाले.

सटासट खुणा पडल्या. 'पेशंटचं पूर्ण ऐकून घेतलं', पुढे बरोबरची खूण. 'काय सुधारावं?' पुढे आडवी रेघ. न जेवताच ढेकर! मला शिसारी आली.

मग ती आली. खांद्यावर पाच महिन्यांचं बाळ, डोळ्यांखाली काळं.

"झोप लागत नाही. बाळाला आंघोळ घालताना मला..."

"बाळंतपणानंतर होतं असं. भूक?"

"लागते. पण आंघोळ घालताना..."

"ही गोळी रात्री. पंधरा दिवसांनी या."

चार मिनिटं. डॉक्टरीणबाई मोबाईलवर घरासाठी पडदे निवडत होत्या.

ती उठली. जाताजाता बाळाने मला मुठीत धरून ओढलं नि तोंडात कोंबलं. सोडवताना तिने मला वाचलं, बोट ठेवून.

"पूर्ण ऐकून घेतलं? अहो मॅडम, माझं तर अर्धं अजून पोटातच आहे."

"ते आमचं आपसातलं असतं, ताई."

"आपसातलं कसं? बोलणं माझंच ना?" ती परत बसली. "आंघोळ घालताना वाटतं, हात सोडून द्यावा. भीतीनं आठ दिवस पाणीच घातलं नाही त्याला. मी वाईट आई आहे का हो?"

डॉक्टरांनी कप सारला, खुर्ची पुढे ओढली. "नाही. घरी सोबत कोण असतं तुमच्या?" पुढची चाळीस मिनिटं ती बोलली, ते ऐकत राहिले.

ती गेल्यावर वाटलं, आता तरी खुणा खोडतील. छे! बाईंनी माझा चुरगळलेला कोपरा सरळ केला नि मला फायलीत घातलं. इथे माझ्यासारखेच शंभर, सगळ्यांवर त्याच खुणा. किळस येते एकमेकांना चिकटून राहायची. माझ्यावर खरा शेरा एकच, बाळाच्या लाळेचा डाग.

डॉक्टरकडे निघालेली कुणी भेटली तर तिला माझा निरोप द्या. म्हणावं, पोटातलं संपेपर्यंत उठू नकोस, बाई.